चिखलाच्या नावावर खपणारी गाडी

मृगाचा पाऊस पडला की नांदेड-लातूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एक वाक्य जोरात चालतं: "साहेब, चारही चाकं ओढतात. शेतातल्या आखाड्यापर्यंत बिनधास्त जा." बहुतेक वेळा ते एखाद्या २०१५-१६ च्या रेनो डस्टरच्या बॉनेटवर हात ठेवून म्हटलं जातं, कधी जीप कंपासच्या, क्वचित एखाद्या म्हाताऱ्या स्कोडा यतीच्या. ऐकणारा मान डोलावतो. त्याच्या शेताची वाट काळ्या रानातून जाते आणि मागच्या पावसाळ्यात त्याची छोटी गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून टोचन करून आणावी लागलेली असते. हे वाक्य आता विकणाऱ्यांपुरतंही राहिलेलं नाही. ज्यांना गाड्यांतलं कळतं असा लौकिक आहे ते डॉक्टर, प्राध्यापक, ठेकेदार तोच सल्ला देतात: नवी साधी गाडी घेण्यापेक्षा निम्म्या पैशात जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह घ्या, मराठवाड्याला तीच खरी.

हा सल्ला मला मान्य नाही. या गाड्या वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यातली एक तर मला फार आवडते. पण ज्या कारणासाठी ती घ्यायला सांगतात ते कारण टिकत नाही, आणि घेताना जे बघायला हवं त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी मातीचं बघू, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. गोदावरी आणि मांजरा यांच्या खोऱ्यातली आपली भारी जमीन बेसाल्टची झीज होऊन झालेली. तिच्यात बारीक चिकणमातीचं प्रमाण इतकं असतं की उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाणी लागलं की ती फुगते. फुगलेली माती टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि बाहेर पडत नाही. चप्पल घालून ओल्या रानात दहा पावलं चाललेल्याला हे समजावून सांगायला नको. अकराव्या पावलाला चप्पल राहत नाही, मातीचा गोळा राहतो. टायरचंही तेच होतं. खाचा भरल्या की नवा टायर आणि गोटा टायर यांत फरक उरत नाही. आता या गोट्या टायरला इंजिनाची ताकद दोन चाकांवर द्या की चार चाकांवर, पकडायला काही नसेल तर चाक जागेवर फिरणार आणि खड्डा करणार. दोनच्या जागी चार खड्डे, एवढाच फरक. गाडीचं पोट जमिनीला टेकलं की विषय संपला.

आणि ऑल-व्हीलवाल्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. फसलेली गाडी बाहेर काढायला तुम्ही कुणाला फोन करता? ट्रॅक्टरला. आपल्या शिवारात फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर तर टू-व्हील-ड्राइव्ह आहेत. फक्त मागची दोन चाकं ओढतात. त्यांची ताकद त्या उंच, तिरप्या जाड दात्यांच्या टायरमध्ये आहे, मागच्या धुऱ्यावर पडणाऱ्या वजनात आहे, जमिनीपासूनच्या उंचीत आहे आणि अगदी हळू फिरणाऱ्या गिअरमध्ये आहे. या चारांपैकी डांबरी रस्त्याच्या टायरवर उभ्या असलेल्या छोट्या क्रॉसओव्हरकडे काय आहे? थोडी उंची.

गिअरचा मुद्दा जरा नीट सांगायला हवा, कारण 'फोर बाय फोर' हे नाव सगळ्यांना सरसकट लावून टाकलं जातं. फोर बाय फोर थार, गुरखा, जिम्नी यांच्यात वेगळा ट्रान्सफर केस असतो, 'फोर लो' असतो. इंजिन घुमत राहतं आणि चाकं गोगलगायीच्या चालीनं पण पूर्ण जोर लावून फिरतात. डस्टरची व्यवस्था निराळी. भारतात ती २०१४ च्या शेवटी १.५ लिटरच्या ११० पीएस डिझेल इंजिनासह आली. मुळात ती पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. मागच्या धुऱ्याजवळ विजेवर चालणारा एक क्लच बसवलाय. पुढची चाकं घसरायला लागली की तो जुळतो आणि मागच्या चाकांना निम्म्यापर्यंत जोर देतो. मध्ये एक गोल बटण असतं: टू-व्हील, ऑटो आणि लॉक. लो रेंज नाही. त्याची कसर भरायला पहिला गिअर मुद्दाम छोटा ठेवलाय, त्यामुळे नेहमीच्या रस्त्यावर लोक दुसऱ्या गिअरमध्येच गाडी उचलतात. रस्त्यावर अधूनमधून घसरण झाली तर सावरायला ही व्यवस्था उत्तम आहे. गाळात पाच-दहा मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून चाकं फिरवत बसलात तर तो क्लच तापतो, आणि जीव वाचवायला यंत्रणा स्वतःच मागच्या चाकांचा जोर काढून घेते. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हा तुमच्याकडे टू-व्हील-ड्राइव्ह उरते, आणि डॅशबोर्डवर एक दिवा.

यावर उत्तर येतं: "मग माहूरच्या घाटात काय करणार?" माहूरच्या घाटात, किनवटच्या जंगलरस्त्यावर एसटी रोज जाते. लालपरीची मागचीच चाकं ओढतात, आणि ती पन्नास माणसं घेऊन श्रावणातल्या पावसात गडाखाली पोहोचते. डांबरी घाट चढायला चार चाकांचा जोर लागत नाही. उतरताना लागतो तो ब्रेक, आणि ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी लवकर थांबत नाही. उलट थोडी जड असल्यामुळे थांबायला तसूभर जास्तच जागा घेईल. तुळजापूर-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा जो ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग गेलाय, त्यावर भर पावसात ताशी शंभरनं जाणाऱ्याला वाटणारी सुरक्षितता ही निव्वळ समजूत आहे. पाण्याच्या थरावर टायर तरंगायला लागला की मागचं चाक ओढतंय की नाही याला काही अर्थ राहत नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्यानं हसनाळ, रावणगाव आणि आसपासची गावं वेढली, लष्कर बोलवावं लागलं. पुढच्याच महिन्यात लातूर-धाराशिवच्या नद्यांनी पात्र सोडलं. अशा वेळी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात 'आपली तर ऑल-व्हील आहे' म्हणून गाडी घालणारा माणूस मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण त्याच्या मागोमाग दुसरे चार जण घालतात. साधारण फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी हलवायला लागतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या उचलल्या जातात, क्रॉसओव्हरसकट. तरंगणाऱ्या गाडीच्या चाकांना जमीनच नसते. शिवाय हवा आत घेणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि त्या दुरुस्तीच्या खर्चात जुनी गाडी अर्धी विकली जाते.

मग ही व्यवस्था कुठंच कामाची नाही का? आहे, आणि ते नाकारलं तर हा प्रतिवाद एकांगी होईल. मुरमाचा सुटा चढ, दगडगोट्यांची वाट, ओलं गवत, एक चाक खड्ड्यात आणि एक हवेत अशी अवस्था: इथं मागून मिळणारा धक्का गाडीला सहज पार करतो. बालाघाटच्या डोंगरकडांची गावं, कंधार-मुखेडचे माळ, किनवटच्या आडवाटा इथं रोज फिरणाऱ्या पशुवैद्यकाला, वनखात्यातल्या माणसाला, खडी-क्रशरवाल्याला ती उपयोगी पडेल. पण हे लोक काळ्या चिखलातून जात नाहीत, मुरमावरून जातात. ज्याचं शेत काळं आणि वाट काळी, त्याच्यासाठी उत्तर गाडीच्या दुकानात नाहीच. राज्यानं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती शेत आणि पाणंद रस्ते बांधायला. तिच्यात गावाचा रस्ता बसवून घेणं कटकटीचं आहे, बांधावरून भावकीची भांडणं आहेत, हे खरं. पण खालची काळी माती काढून वर मुरूम-खडी पडली की त्याच वाटेनं मोटारसायकलसुद्धा जाते.

गंमत अशी की डस्टर ऑल-व्हील ही आपल्या भागासाठी खरंच चांगली गाडी आहे, फक्त तिच्या भक्तांनी सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. साध्या डस्टरच्या मागं एक सलग बीम असतो. ऑल-व्हीलच्या मागं प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिलंय, कारण मध्ये डिफरन्शियल बसवायला जागा करायची होती. तिची जमिनीपासूनची उंची २१० मिलिमीटर. उदगीर-देगलूरकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यावर मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेला हा फरक कळतो. त्या बदल्यात डिकी ४७५ लिटरवरून ४१० वर येते, एवढंच. या सुखासाठी कुणी ती घेतली तर मी त्याला अडवणार नाही. फक्त चिखलासाठी म्हणून वरचे पैसे देऊ नयेत.

दुसरा आक्षेप मला उलट्या बाजूनं खोडायचाय. "रेनोनं डस्टर बंद केली, आता पार्ट कुठं मिळणार?" असं म्हणून जे ती गाडी सरळ मोडीत काढतात त्यांचं अर्धंच खरं आहे. जुनी डस्टर २०२२ मध्ये बंद झाली आणि तिचं डिझेल इंजिन त्याआधीच, एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर गेलं. पण तेच १.५ लिटरचं डिझेल इंजिन निसानच्या टेरानो आणि सनीत होतं, महिंद्राच्या व्हेरिटोत होतं. व्हेरिटो तर टॅक्सीत चालल्या. त्यामुळे इंजिनाच्या कामाला फिटर सापडतो, टायमिंग बेल्ट मिळतो, इंजेक्टरवाला मिळतो. अडतं ते चिखलवाल्या भागापाशीच: तो विजेवर चालणारा क्लच, मागचं डिफरन्शियल, पुढून मागं जोर नेणारा लांब शाफ्ट आणि त्याचं मधलं बेअरिंग, गिअरबॉक्सला जोडलेली वाटणी-पेटी. हे साध्या डस्टरमध्ये नाहीत, टॅक्सी व्हेरिटोत तर नाहीतच, म्हणून भंगारातही सहज मिळत नाहीत. आणि आपल्याकडच्या गॅरेजात ते उघडलेला मिस्त्री शोधावा लागतो. यतीचं तसंच. ती आपल्याच मराठवाड्यात, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जायची, म्हणून तिच्याबद्दल मला ममत्व आहे. पण मागच्या चाकांना जोर देणाऱ्या तिच्या हॅल्डेक्स कपलिंगचं तेल ठरलेल्या मुदतीत बदललेलं नसेल तर मागची चाकं कधी थंड पडली हे मालकालाही कळत नाही.

टायरचा खर्च कुणीच सांगत नाही. या गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले लागतात. पुढं नवे आणि मागं झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगवेगळा पडतो, गाडीच्या संगणकाला वाटतं सतत घसरण चाललीय, आणि तो क्लच विनाकारण जुळत-सुटत राहतो. डस्टरला २१५/६५ आर १६ मापाचे टायर येतात. विकायला काढलेल्या गाडीला पुढं दोन नवे कोरे टायर दिसले की आपण खूश होतो. ऑल-व्हीलच्या बाबतीत ती धोक्याची खूण समजा.

मग बघायचं कसं? गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नका. गाडी विकणाऱ्या कन्सल्टंटनं नाही म्हटलं तर तेच उत्तर. खालून मागच्या डिफरन्शियलला आणि वाटणी-पेटीला तेल सुटलंय का बघा, शाफ्ट हातानं हलवून बेअरिंगची खुळखुळ ऐका. मग सुट्या मुरमाच्या जागेवर लॉक लावून गाडी झटक्यात उचला आणि बाहेर उभ्या माणसाला मागच्या चाकांकडे बघायला सांगा. ती माती उडवत नसतील तर तुम्ही ऑल-व्हीलच्या भावात टू-व्हील घेताय. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा, ठक ठक आवाज आला तर खाली उतरा. मागच्या दारावरची 'एडब्ल्यूडी' ही अक्षरं बाजारात विकत मिळतात, म्हणून आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचा, चेसिस नंबर स्वतः जुळवा. जागोजागी भरलेल्या पंधरा-वीस मुद्द्यांच्या 'तपासणी अहवाला'त यातलं बरंच काही नसतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा हे वेगळं सांगतो, कारण नांदेडला बऱ्याच गाड्या हैदराबादहून येतात आणि ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादेत किती गाड्या पाण्याखाली होत्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ, स्पेअर चाकाच्या खड्ड्यात वाळू, सीटखालच्या बोल्टांना ताजा गंज: यातलं एक जरी दिसलं तरी भाव विचारत बसू नका. ऑल-व्हीलचा सगळा मेंदू तारा आणि सेन्सरवर चालतो. पाण्यात बुडालेली साधी गाडी कशीबशी निभावेल, ही नाही.

आणि दिल्लीच्या गाड्या. राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, आणि तेव्हापासून नववं-दहावं वर्ष लागलेल्या डिझेल गाड्या दक्षिणेकडे वाहायला लागल्या. डस्टर ऑल-व्हील फक्त २०१४ ते २० या काळात विकली गेली, म्हणजे तिचा बराच साठा नेमका आता त्या वयाला पोहोचतोय. "भाव बघा साहेब, इकडच्या निम्मा!" निम्मा असेल. पण महाराष्ट्रात डिझेल खासगी गाडीचा एकरकमी कर १३ टक्क्यांपासून सुरू होतो, मूळ किंमत दहा लाखांच्या वर गेली की १४ टक्के, आणि ऑल-व्हील डस्टर दहाच्या वरच होती. बाहेरच्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी रक्कम भरावी लागतेच. एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र, एमएच-२६ किंवा एमएच-२४ चा नवा नंबर, ही सगळी कामं करून घेतल्यावर त्या निम्म्या भावातलं किती उरतं याचा हिशोब मला एकाही एजंटनं कागदावर मांडून दाखवलेला नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी एक पर्याय हळूहळू जुन्या बाजारात येतोय. मारुतीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, २०२२ पासूनची, आणि तिचीच बहीण टोयोटाची हायरायडर. मारुतीचं वर्कशॉप जवळ आहे. तिथंही चार चाकांची किंमत आहेच: कंपनीच्याच आकड्यांत मॅन्युअल गाडीचा ॲव्हरेज लिटरला २१.११ वरून १९.३८ किलोमीटरवर येतो. आणि वर मातीबद्दल लिहिलं ते तिलाही लागू आहे, त्यातला 'स्नो' मोड पाहून तर लातूरच्या माणसानं हसावं की रडावं.

शेवटचा युक्तिवाद कागदांचा, आणि तो ऐकून माझं डोकं फिरतं: "नावावर नंतर करू, आधी चालवून बघा." मोटार वाहन कायद्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर पंचेचाळीस दिवसांत हस्तांतराची नोंद द्यायला सांगितलंय. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. मधल्या पाच हातांत गाडी फिरली असली तरी. हे विकणाऱ्याच्या गळ्यात आहे असं समजून घेणारा निर्धास्त राहतो. पण आरसी तुमच्या नावावर नसेल तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तुम्हाला मिळवताना दमछाक होईल, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर गेलेला असेल. जुन्या गाड्यांच्या दलालांना परिवहन कार्यालयाचं अधिकारपत्र घेण्याचा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. ते भिंतीवर लावलेलं दिसत नसेल तर मागा. ते दाखवता येत नाही, पण मुरमावर गाडी उडवून दाखवायला मात्र तयार आहे, अशा माणसाच्या हातात मी तरी इसार ठेवणार नाही.